आईची साडी आणि क्लबची शिट्टी

"जास्तच चांगली आहे गं ही," मृणालताई म्हणाल्या आणि माझ्या आईची साडी त्यांनी सोसायटीच्या बागेतल्या चिखलात टाकली.

टाकली म्हणजे हातातून निसटली नाही. टाकली. माळ्यानं नुकतंच पाणी सोडलेलं होतं, मातीचा नुसता राडा झाला होता. त्यात साडी टाकून त्यांनी ती चपलेनं दाबली. मग दोन बोटांनी उचलून, मान तिरकी करून बघितली. अजून मनासारखी होईना. मग पदराच्या कडेला कात्री लावली आणि हातानं टर्रकन फाडली.

मी म्हणाले, "ताई, ती आईची चांगली साडी आहे."

"हो ना, तोच तर प्रॉब्लेम आहे."

क्लबमधले सगळे हसले. कुणी खवचटपणे हसलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. हे सगळे सहज हसले, वर्गात सरांनी विनोद केल्यावर हसतात तसे. फाटलेला पदर समोर, आणि मी तोंडात मारल्यासारखी उभी. नववीत होते मी. माझ्या गळ्यात लीडरची शिट्टी होती.

ती शिट्टी मला कशी मिळाली ते आधी सांगते.

ऐरोलीच्या नव्या सेक्टरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा युवा क्लब भरायचा. आमचा म्हणायचं ते सवयीनं. क्लब त्यांचा होता. मी दिघ्याची, डोंगराच्या अंगाला चढत गेलेल्या वस्तीतली. वडील बेलापूर रोडच्या एका कंपनीत हेल्पर, आई मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला. दोघं साताऱ्याकडचे, पाटणच्या पलीकडच्या खेड्यातले. क्लब चालवणाऱ्या मृणालताई एकदा आमच्या शाळेत आल्या आणि वस्तीतल्या हुशार मुली क्लबमध्ये घ्यायच्या आहेत म्हणाल्या. बाईंनी माझं नाव दिलं.

तिथं मी शिकले, हे नाकारणार नाही. खोटं बोलून राग काढायची मला गरज नाही. फ्यूजची तार बसवायला मी तिथं शिकले. करवत चालवायला, जखमेवर पट्टी बांधायला, सभा चालवायला शिकले. तिथं भाषणं नसायची. प्रत्येक वेळी एक प्रोजेक्ट, आणि ते आपल्या हातानं करायचं. बाजारातून काही आणायचं नाही असा नियम होता. लागेल ती वस्तू ज्यानं त्यानं आपल्या घरून आणायची. कुणाच्या घरून रंग यायचा, कुणाच्या घरून हातोडी.

दुसरा नियम शिट्टीचा. प्रत्येक प्रोजेक्टला एक लीडर, आणि लीडरच्या गळ्यात शिट्टी. ती वाजली की हातातलं काम तिथल्या तिथं खाली ठेवायचं. का, कशाला, ते नंतर विचारायचं. एकदा करवतीखाली एका मुलाचं बोट येता येता राहिलं होतं, तेव्हापासून हा नियम फार कडक होता. मृणालताईसुद्धा पाळायच्या. एकदा शिट्टी वाजली तर त्यांनी ओठाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला होता.

आळीपाळीनं सगळे लीडर व्हायचे. माझी पाळी मात्र येता येता पुढच्या वेळेवर जायची. मला त्याचं काही वाटायचं नाही असं मी दाखवायचे. फार वाटायचं. मग एक दिवस मृणालताईंनी जाहीर केलं की आता दिघ्यात स्वच्छतेवर पथनाट्य करायचं, त्याचं व्हिडिओ शूटिंग करून मुंबईच्या स्पर्धेला पाठवायचं, आणि लीडर मी. "तुझाच एरिया आहे ना," म्हणाल्या. मी शिट्टी गळ्यात घालून घरी गेले आणि ती घालूनच नळावर पाण्याला उभी राहिले. शेजारच्या शेवंताकाकीनं विचारलं तेव्हा आईनंच तिला सांगितलं, पोरगी म्होरकी झाली म्हणून.

नाटक मृणालताईंनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्यात वस्तीतली एक कोंडाबाई. ती दारात कचरा टाकते, पोरांना बडवते, मुलीची शाळा सोडवून तिला कामाला लावते. मग शहाण्या घरातली एक मुलगी साबण घेऊन येते आणि कोंडाबाईचे डोळे उघडतात. कोंडाबाईचं काम केतकीला. केतकी क्लबमधली सगळ्यात चुणचुणीत मुलगी, वडील बँकेत. मी म्हटलं, हे काम मी करते. तर मृणालताई म्हणाल्या, तुझं काम त्याहून मोठं आहे, तुमच्या लोकांना गप्प बसवायला तूच पाहिजेस.

म्हणजे माझी पाळी आली ती गर्दी हाकायला.

तेही मी गिळलं. मग त्यांनी मला केतकीला बोलायला शिकवायला बसवलं. "तुझी आई कशी बोलते, तसं सांग तिला." मी सांगितलं. आई रोज जे म्हणायची तेच माझ्या तोंडात आलं: येक येळ खायाला नसलं तरी चालंल, पर साळा सोडू नगंस. केतकीनं ते घोळवून घोळवून म्हटलं. मुलं हसली. मृणालताईंनी ते लिहून घेतलं. काय लिहून घेतलं ते मला तेव्हा कळलं नाही.

आणि साडी. कोंडाबाईसाठी घरातलं काहीतरी आण, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी घरी जाऊन आईला म्हटलं, नाटकाला साडी पाहिजे. आईनं पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून इरकल काढली. हिरवी, लाल पदराची. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला मामानं नेसवलेली. ती लग्नाकार्यालाच बाहेर निघायची. मी म्हटलं, आई, जुनी चालेल गं. तर ती माझ्यावरच चिडली.

"नाटकात नेसायची म्हंजी चांगलीच दिली पायजे. आपल्या घरची हाय, लोकं बगत्याल."

घडी मोडू नये म्हणून तिनं ती गादीखाली घालून ठेवली होती. सकाळी पिशवीत भरून दिली तेव्हा तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नाटक म्हणजे आपली माणसं चार लोकांत उभी राहणार, असं तिला वाटत होतं. वेडी नव्हती माझी आई. तिच्या गावी नाटक म्हणजे हेच असायचं. राजाच्या कामाला पाटलाच्या घरून शेला यायचा. आपल्याच साडीत आपलीच विटंबना उभी करतात, हे तिच्या कल्पनेतही नव्हतं.

चिखलात घातलेली ती साडी वाळायला म्हणून हॉलवरच राहिली. घरी मी आईला काही सांगू शकले नाही. ती मात्र वस्तीभर सांगत फिरत होती. रविवारी नाटकाला माझी साडी हाय, सगळ्या या.

रविवारी सकाळी वस्तीच्या मोकळ्या जागेत गर्दी झाली. बायका पोरांना घेऊन पुढे बसल्या होत्या, पहिल्या रांगेत आई, शेजारी शेवंताकाकी. आईनं फुलांची वेणी माळली होती. क्लबमधल्या एका मुलाचे वडील खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभे होते. डफ वाजला. मी कडेला उभी राहून पोरांना खाली बसवत होते.

केतकी आली. गालाला काजळी, केस पिंजारलेले, आणि सलवार कमीझवरून गुंडाळलेली ती साडी. मातीचे ओघळ तसेच. फाटका पदर लोंबत होता.

आईनं पहिल्यांदा ओळखली नाही. खरंच नाही ओळखली. ती मान उंच करून मागून येणाऱ्या मुलींकडे बघत होती, आपली साडी कुणी नेसलीय म्हणून शोधत होती. शेवंताकाकीनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं, ही न्हवं का तुजी?"

मी आईचं तोंड बघत होते. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं काठ ओळखला. मग चिखल बघितला. मग फाटलेला पदर बघितला. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान खाली घातली. मागे पोरं कोंडाबाईला हसत होती. कॅमेरावाला चार पावलं पुढे आला आणि त्यानं कॅमेरा आईवर धरला.

आणि तेवढ्यात केतकी कमरेवर हात ठेवून, माझ्याकडून शिकलेल्या आवाजात म्हणाली, "साळा सोड. साळंनं खायाला मिळतंय व्हय?"

माझ्या आईचं वाक्य. उलटं करून. माझ्या आईच्या साडीत.

आईनं मान वर केली. ती ओरडली नाही. समोर कुणी मोठं माणूस बसल्यासारखं तिनं साधं विचारलं, "आमी असं कवा म्हणलं?"

नाटक पुढे चालू. मृणालताईंनी मला हातानं खूण केली, तिला गप्प कर. माझ्या आईला गप्प करायला मला शिट्टी दिली होती.

मी वाजवली. पोटातली सगळी हवा घालून वाजवली.

डफ खाली गेला. केतकीच्या हातातली केराची टोपली खाली गेली. साबणवाल्या मुलीनं साबण खाली ठेवला. कॅमेरावाल्याचा मुलगा ओरडला, "पप्पा, खाली!" आणि त्यांनी कॅमेरा खाली घेतला. मृणालताईंच्या हातातले कागदसुद्धा मांडीशी आले. क्षणभर सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. सवय होती ती, माझी भीती नव्हती. मला पुरेशी होती.

मी केतकीजवळ गेले आणि म्हटलं, "काम थांबलंय. साडी सोड."

तिनं मृणालताईंकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं. तिनं सोडली.

मृणालताई जवळ आल्या, खालच्या आवाजात बोलायला लागल्या. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, नाटक आहे, सगळ्यांची मेहनत आहे, नवीन साडी घेऊन देऊ. आणि मग ते वाक्य, जे या लोकांच्या तोंडी नेहमी तयार असतं: "अगं, हे तुमच्यासाठीच करतोय ना आम्ही?"

"आमच्या बायका चिखलाची साडी नेसून चारचौघांत येत नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही फाडलीत. पाहिजे तशी दिसली नाही म्हणून फाडलीत."

हे मी मोठ्यानं म्हटलं. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. मृणालताईंचा चेहरा पडला. मला तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही.

आई उठली. तिनं साडी माझ्या हातातून घेतली, चिखल आत जाईल अशी घडी घातली आणि काखेत मारून घराकडे चालायला लागली. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. घरात आल्यावर ती माझ्यावरच ओरडली. "शिकत हुतीस की तितं. घालवलंस न्हवं?" मग बादलीत साडी बुडवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. डाग निघाले. पदर तिनं शिवला नाही. ती साडी पुन्हा पेटीतून बाहेर निघाली नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे कदाचित लिहिलं नसतं. काही दिवसांनी आमच्याच शाळेच्या फलकावर क्लबच्या कार्यक्रमाचे फोटो लागले. त्यात एक व्हिडिओवरून काढलेला. पहिली रांग, पदर पुढे ओढून मान खाली घातलेली माझी आई. खाली सुंदर अक्षरात लिहिलेलं: "जागृतीचा क्षण."

तिची लाज त्यांनी आपल्या कामाची पावती म्हणून टांगली होती. मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, मी टाचण्या काढल्या आणि फोटो दप्तरात घातला. बाईंनी बोलावून जाब विचारला. मी म्हटलं, ही माझी आई आहे, हिला विचारून लावा. बाईंनी मला वर्गात पाठवलं.

मग क्लबमधला एक मुलगा आमच्या दारात आला. शिट्टी परत मागायला. क्लबची प्रॉपर्टी आहे म्हणाला. मी दिली नाही. त्याला सांगितलं, घरातलं सामान घेऊन फाडायचा तुमचा नियम आहे, ठेवून घ्यायचा माझा.

दिली नाही ती नाहीच. आजही माझ्याकडे आहे. वस्तीत आजही लोक येतात, कधी झाडू घेऊन, कधी कॅमेरा घेऊन, आम्हाला आम्हीच कसे आहोत ते दाखवायला. मी पहिल्या रांगेत जाऊन बसते. जिथं माझी आई बसली होती तिथं. झाडू मारणार असाल तर मारा, मीही उठून मारीन. पण आमच्यातल्या एखाद्या बाईला कुणी पुन्हा चिखल लावून उभं केलं, तर मी शिट्टी वाजवणार. कार्यक्रम मोडला तर मोडू दे. मी तो मोडायलाच बसलेली असते.