उतारावर न थांबलेला ट्रेलर

ती घटना आठवली की आजही माझे हात शिवशिवतात. पोलीस सेवेतली नव्हे, सेवेनंतरची. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं आणि मी व सौ. सिंगापूरला मुलीकडे राहायला गेलो होतो. बुओना व्हिस्टा भागातल्या तिच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, सगळं छान होतं, पण रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही, सिग्नल तोडत नाही, भांडत नाही. आठ दिवसांत ते शहर मला खायला उठलं. त्यामुळे भानगडीची खबर कानावर आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

खबर दिली मुलीने, कणीक मळता मळता. जावई आणि त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र यांनी मिळून एक जुनी मोटरबोट घेतली होती. ती चांगीकडच्या एका बोट क्लबच्या आवारात दोन चाकांच्या ट्रेलरवर उभी असायची. दसऱ्याला तिची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी मित्राने क्लबच्या जीपला ट्रेलर जोडला आणि पाण्याकडे उतार उतरायला सुरुवात केली. खाली जीप थांबवली, पण ट्रेलर थांबला नाही. त्याने मागून ढकलत जीप धक्क्याच्या कठड्यावर नेऊन आदळली. जीव वाचले, पण जावयांनी चारचौघांत मित्राला बेजबाबदार म्हटलं. त्या दिवसापासून तो घरी आला नव्हता.

"बाबा, तो रविवारचा आमच्याकडे जेवायचा. आता फोनही उचलत नाही," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी त्याच संध्याकाळी जावयांचा जबाब घेतला. ते चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत मॅनेजर आहेत, त्यामुळे बोलणं मुद्देसूद. ट्रेलरच्या ब्रेकचं तेल पूर्ण, नळी कुठे फुटलेली नाही, चाकं ठीक. मग उरतं काय? चालक. तो जोरात उतरला, त्यांचं मत पक्कं होतं.

महामार्गावरच्या पोलीस ठाण्यात मी बरीच वर्षं काढली आहेत. "ब्रेक फेल झाले, साहेब" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याचा चेहरा मी आधी बघतो, गाडी नंतर. पण इथे गंमत अशी, की चालक ब्रेक फेल झाले असं म्हणतच नव्हता. तो काहीच म्हणत नव्हता.

तो जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत सेफ्टी इंजिनियर. तिथे पास असल्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, म्हणून कंपनीची बस त्याला जिथे सोडते तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, मी त्याला गाठलं. उंच, शांत, विदर्भातला पोरगा. त्याने माझ्यासाठी चहा आणला, तब्येत विचारली. मी सरळ विषयावर आलो. किती वेगात होतास, ब्रेक कधी दाबलास, ट्रेलरने धक्का कधी दिला, सगळं उलटसुलट विचारून पाहिलं. उत्तरं एका सुरात आली. वेग पायी चालण्याइतकाच होता.

"मग चूक कुणाची?"

"माझीच समजा, काका. विषय मिटवून टाका."

मी मनात म्हटलं, सापडला! गुन्हेगार चूक नाकारतो, निरपराध चिडतो. न चिडता, न विचारता जो दोष अंगावर घेतो, तो कुणालातरी पाठीशी घालत असतो. मी घरी आलो तेव्हा माझा खुललेला चेहरा बघून सौ.ने विचारलं, लॉटरी लागली का?

शनिवारी जावयांना घेऊन घटनास्थळी गेलो. आवाराचे सुपरवायझर चिनी अंकल माझ्या मिशा बघून खूश झाले, पण नियमाला पक्के. "ब्रेक नॉट ओके, बोट कॅनॉट गो डाऊन लाह," त्यांनी तिथल्या ढंगात बजावलं. उतार पाहिला. फार तीव्र नव्हता, पायी चालणाऱ्याच्या वेगाने उतरणारी गाडी तिथे सहज थांबायला हवी. मग ट्रेलरसमोर उकिडवा बसलो.

या ट्रेलरच्या ब्रेकला पेडल नसतं. पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर तिला मागून रेटतो, त्या रेट्याने त्याची पुढची दांडी आत सरकते, तेल दाबलं जातं आणि चाकं थांबतात. मात्र गाडी रिव्हर्स घेतानाही दांडी तशीच दाबली जाते आणि नको तेव्हा ब्रेक लागतात. म्हणून दांडीवर एक लोखंडी खिट्टी असते. रिव्हर्स घेताना ती उभी करायची, की दांडी अडते आणि ब्रेक लागत नाहीत. गाडी पुढे निघाली की खिट्टी आपोआप खाली पडते. हे सगळं मला जावयांनीच समजावलं, आणि मस्त समजावलं.

दांडीवर एक लाल टॅग लटकत होता, 'वापरू नका' असा. जावई म्हणाले, मित्राने लावला असेल, रिफायनरीत बिघडलेल्या यंत्राला असा टॅग लावायची पद्धत आहे. बरं. पण एवढा मोठा ट्रेलर सोडून टॅग नेमका त्या खिट्टीला का? मी टॅग बाजूला केला. खाली हळदीकुंकू होतं आणि खिट्टीला दांडीशी धरून पूजेचा दोरा बांधलेला होता, पाच-सहा वेढे, गच्च.

खंडेनवमीला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा व्हायची, जीपलाही हार चढायचा, पण ड्रायव्हर पहिला कॉल आला की आधी स्टिअरिंगवरचा हार उतरवायचा. इथे दोरा कुणी सोडलाच नव्हता. ट्रेलर रिव्हर्समध्ये जागेवर लावलेला, म्हणून खिट्टी उभी. उभी म्हणून दोरा बांधायला सोयीची. तेल तपासलं, चाकं तपासली, पण कुंकू लावलेल्या जागेवर शंका घ्यायची कुणाला सुचतच नाही.

अंकलना जीप जोडायला लावली. सपाट जागेत चार हात पुढे नेली, खिट्टी तशीच ताठ, म्हणजे ब्रेक बंदच. दोरा सोडला, पुन्हा पुढे नेली. खिट्टी टक् करून पडली. जीप थांबवली तसा ट्रेलरही थांबला, शिकवलेल्या बैलासारखा. अंकलनी माझ्या पाठीत थाप मारली. मी साठीचा माणूस, पण त्या क्षणी उडी मारायचा बाकी होतो.

जावई मात्र पांढरे पडले होते. दोरा त्यांनीच बांधला होता. त्यांच्या आईने गावच्या देवळातून पाठवलेला.

तेवढ्यात मित्र आला. मीच त्याला बोलावलं होतं. माझ्या हातातला दोरा बघून तो जागीच थांबला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"जीपमधून उतरल्या उतरल्या दिसलं, काका."

"मग बोलला का नाहीस?"

तो जावयांकडे न बघता बोलला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती सेफ्टीची सूचना झाली असती. आमच्या घरी बुद्धवंदना होते, पूजा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं असतं तर तो आईंच्या दोऱ्यावरचा शेरा झाला असता. एकदा कॉलेजात माझ्या बोलण्याचा असाच अर्थ लागलाय. म्हणून टॅग लावला. म्हटलं, टॅगमुळे तरी कुणीतरी तिथे बघेल."

जावयांनी दोरा माझ्या हातातून घेऊन खिशात ठेवला आणि मित्रासमोर जाऊन उभे राहिले. "मी सगळ्यांसमोर बोललो होतो, माफीही सगळ्यांसमोर मागतो," असं म्हणून त्यांनी ती अंकलसमोर इंग्रजीत मागितली. माफी कशाची ते अंकलना कळलं नाही, पण ते गंभीरपणे मान हलवत होते. शेवटी जावयांनी जीपची किल्ली मित्राच्या हातात दिली आणि स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसले. तोच उतार, तोच चालक. ट्रेलर पाण्याच्या अलीकडे अलगद थांबला. मी वरून पाहत होतो.

सेवेत आम्हाला खोटं बोलणारे ओळखायला शिकवतात. खरं माहीत असलेला माणूस गप्प असेल, तर बोलण्याची किंमत त्याच्यासाठी आपल्यापेक्षा जास्त असते, हे कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं. अशा माणसाला नुसतं 'बोल' म्हणून भागत नाही. तो जिथे खूण करून ठेवतो, तिथे आपल्याला वाकून बघावं लागतं.

पुढच्या दसऱ्याला मी गावी होतो. जावयांनी फोटो पाठवला. आईंचा नवा दोरा ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर बांधलेला होता, जिथे काहीही हलत नाही. खाली मुलीने लिहिलं होतं, 'बाबा, जागा यांच्या मित्राने दाखवली.'