कोरगावचा निळा कॅन

पणजीहून निघालो तेव्हा पिशवीत एक नवी स्टीलची कळशी होती. कोरगावला दिलेली माझी नात मेधा, तिला सातवा महिना लागला होता. आदल्या दिवशी तिने फोनवर सहज सांगितले, "आजोबा, प्यायचे पाणी फवारणीच्या औषधाच्या कॅनात भरतात. धुतलाय म्हणे." मी सकाळची पहिली बस धरली.

म्हापशाला बस बदलली. पेडण्यात पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या) मागे बसलो. काजूच्या बागांमधल्या उतारावर माझी टोपी उडाली.

"थांबूं, आजो?"

"नको."

मेधाचे सासरे राजाराम कोळमीत (दगडी हौदात) काजूचे बोंडू तुडवत होते. त्यांनी नीरो (बोंडूंचा ताजा रस) दिला, मग पेज आणि भाजलेला सुका बांगडा. उत्तम होते. हात धुऊन मी स्वयंपाकघरातल्या निळ्या कॅनाकडे बोट दाखवले. "हा घरातून जायला हवा."

ते हसले. "व्याहीबुवा, शेतीखात्यात आसताना तुमीच सांगल्यात मां? राखेन तीनदा धुवा नि बिनधास वापरा. आमी चारदा धुतला!"

खरे होते. याच गावच्या सभेत मी तसे सांगितले होते.

"चुकीचे सांगितले," मी म्हणालो. हे वाक्य मला सवयीचे नाही. "औषध प्लास्टिकमध्ये मुरते आणि थोडे थोडे पाण्यात उतरते. तुम्हाआम्हाला जाणवणार नाही. पण पोटातल्या बाळाचा मेंदू आणि अवयव अजून वाढत आहेत. आज झालेली इजा ते मोठे झाल्यावर आजार म्हणून वर येऊ शकते. तेव्हा हा कॅन कोणाला आठवणारही नाही."

विहीणबाई चुलीपासून म्हणाल्या, "आयकलात? मी सांगलंय तेवा माका खुळी म्हटल्यात!"

राजाराम उठले. कॅन बाहेर नेऊन ओतला आणि तळाला कोयत्याने चार भोके पाडली. मग गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढून शेजाऱ्याला हाक मारली, "धोंडू, तुजो कॅन हाड! सायब सोताच म्हणता, चुकलंय!"

ही बातमी गावाला फारच आवडली असावी. संध्याकाळपर्यंत अंगणात भोके पाडलेल्या कॅनांचा ढीग लागला. सकाळी पंचायतीच्या टेम्पोत तो मावेना.

निघताना मेधाने कळशीतले पाणी दिले. पेडण्याच्या नाक्यावर कालच्या पायलटने माझी टोपी हातात ठेवली.

लोक माझे ऐकतात, याचा मला नोकरीभर अभिमान होता. कोरगावने पुन्हा ऐकले. या खेपेस ऐकण्यासारखे होते.