राउंडअबाउटवरच्या मावशी

ज्या माणसाने माझी गाडी ठोकली, त्याच्या आईचे मी आजही मनापासून आभार मानते. हे ऐकलं की माझी मुलगी डोळे फिरवते. फिरवू दे.

इथे परदेशात, टूनगॅबीत आमच्या घराजवळच्या राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, मी आधीच आत शिरले होते, म्हणजे आधी जायचा हक्क माझा. डावीकडून हा न थांबता आला आणि माझ्या डाव्या दारात घुसला. मी तावातावाने खाली उतरले, तोंडातून मराठीत दोन शब्द निघाले, आणि समोरून उत्तर आलं, "अहो ताई, तुम्ही मराठी?"

झालं. माझा अर्धा राग तिथेच विरघळला. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई थरथरत बसली होती. मी नर्स, त्यामुळे आधी मावशींची नाडी बघितली, पाणी पाजलं. त्यांनी गाव विचारलं. मी वसई म्हटल्यावर म्हणाल्या, "आम्ही नालासोपाऱ्याचे. म्हणजे शेजारीच की गं."

मी फोटो काढायला फोन वर केला, तर मुलगा म्हणाला, "आपल्या आपल्यात फोटो कशाला, ताई? चूक माझी आहे, मी भरून देतो." फोन पर्समध्ये गेला. दुसरा कुणी असता तर मी लायसन्सपासून टायरपर्यंत सगळ्याचे फोटो काढले असते. मराठी माणूस म्हणून नुसता नंबर घेतला, वर मावशींना माझ्या डब्यातले लाडू दिले.

गॅरेजने दिलेला खर्चाचा अंदाज पाठवला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. मग एक मेसेज आला: तुम्हीच जोरात आलात, चूक तुमची. आमच्या दोघांच्याही गाड्यांचा विमा फक्त माणसांच्या इजेपुरता होता, गाडीच्या नुकसानीचा नव्हता. गाडी पडून होती, म्हणून वेस्टमीडच्या हॉस्पिटलातल्या सकाळच्या शिफ्टला माझी एक मैत्रीण रोज वाट वाकडी करून मला न्यायला यायची, तिचेही उपकार आहेतच. पण गाडीपेक्षा तो मेसेज मला जास्त लागला. त्याने मला सरळ खोटी ठरवलं होतं.

चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "आपल्याच माणसाला कोर्टात खेचणार? सोडून दे." युनिव्हर्सिटीत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, जस्ट फाइल इट. इट्स नॉट अ मर्डर केस." तिनेच शेजारी बसून दावा भरून दिला. छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकील लागत नाही, आपलं आपण बोलायचं असतं, हे कळल्यावर मला धीर आला. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

तो धीर पॅरामॅटाच्या कोर्टाच्या दारापर्यंतच टिकला. त्याने साक्षीदार म्हणून आईला आणलं होतं. इस्त्रीची साडी नेसून मावशी त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे काय होतं? एक चेपलेलं दार. म्हाताऱ्या आईने मुलाची बाजू घेतली तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

निकाल देणाऱ्या बाई शांत होत्या. सुरू करण्याआधी बाहेर बसून एकदा बोलून बघा, म्हणाल्या. त्या बाईंचेही मी आभार मानते, कारण त्यांना घाई नव्हती. आम्ही तिघं एका लहानशा खोलीत बसलो. मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या, माझ्याशी नाही, मुलाशी.

"तू फोनवर बोलत होतास. समोर बघत नव्हतास. आत मला विचारलं तर मी हेच सांगणार."

"आई, तुला इथले रूल्स कळत नाहीत."

"तू थांबला नाहीस, एवढं कळतं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "देतो, ताई. पण हप्त्याने." आम्ही आत जाऊन बाईंना ते सांगितलं, त्यांनी नोंदवून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

बाहेर तो गाडी आणायला पुढे निघून गेला. मी मावशींचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत," म्हटलं. "पण तो घरी चिडेल हो."

"चिडेल ना," त्या म्हणाल्या. "काही दिवस बोलायचा नाही माझ्याशी."

"मग तुम्ही काय कराल?"

"काय करणार? सकाळी तो कामावर जातो. संध्याकाळी तो यायची वाट बघते. इथे मला दुसरं कोण आहे बोलायला?"

गाडी आली. मावशी स्वतःच दार उघडून मागे बसल्या. त्याने मागे वळून न बघता गाडी सुरू केली.