ट्रॉलीखालचे तीन ठोके

लिंबू-मिरची, अंगारा, उतारा... यातलं काहीच आमच्या घरात नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. त्यात मी ऑटो इलेक्ट्रिशियन. दिवा लागला नाही तर वायर तुटलेली असते, बाधा झालेली नसते — गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण घडलं ते घडलं, आणि तेही भर दुपारी.

माझं गॅरेज चौसाळ्याला, हायवेला लागून. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस होते. शिरूर कासारकडचे अर्जुन मुकादम त्यांचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन आले. सोबत त्यांची बायको, कौसाबाई. आदल्या हंगामात उतारावर ट्रॉलीनं ट्रॅक्टरला मागून ढकललं होतं, आणि ट्रॉलीत टोळीची माणसं होती. ट्रॉली बांधाला जाऊन टेकली म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून बाईंनी हट्टच धरला — ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक पाहिजे. मुकादमांनी ट्रॉलीच्या चाकांत इलेक्ट्रिक ब्रेक बसवून आणले होते. ट्रॅक्टरवर कंट्रोलर लावायचा आणि तिथून ट्रॉलीपर्यंत वायरिंग ओढायचं, हे काम माझं.

"उद्या सकाळी टोळी हलनार हाय. आज व्हईल न्हवं?" मुकादम म्हणाले.

"न्हाई झालं तर परवा जाऊ," कौसाबाई मधेच बोलल्या. "बिरेक बगितल्याबिगर मी एका माणसाला चढू देनार न्हाई."

मी कामाला लागलो. आणि एक चूक केली, सरळ कबूल करतो. ट्रॉलीच्या अर्थिंगला वेगळी वायर ओढलीच नाही. ट्रॅक्टर लोखंडाचा, ट्रॉली लोखंडाची, दोघांना जोडणारी पिनही लोखंडाची... करंट परत यायला तेवढं पुरे, असं आमच्याकडं बरेच जण धरून चालतात. माझे उस्ताद सलीमभाई असते तर पाना फेकून मारला असता. "पिनंवरचं अर्थिंग म्हंजी खुटीवरची टोपी हाय बे," ते म्हणायचे, "धक्का बसला की पडली!"

उस्तादांना जाऊन तीन वर्षं झाली. ते गाडीखाली झोपून काम करायचे, मी वर सीटवर. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून ते पकडीनं चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकायचे. एक ठोका म्हणजे सप्लाय दे. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे चुकलंय, परत खोल. ही खूण आम्हा दोघांतलीच होती.

मी इंजिन चालू केलं. कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे ट्रॉलीच्या ब्रेकपर्यंत सर्किट जुळलं. ब्रेक तपासायच्या बटणाकडं हात नेला आणि खालून आवाज आला — टक. टक. टक.

वाकून पाहिलं. कोणी नाही. मीटर लावून सगळे जोड तपासले, सगळं बरोबर. उन्हानं पत्रा तडतडला असेल म्हणून पुन्हा सीटवर बसलो. पुन्हा तसेच तीन ठोके...

"मिस्तरी, खाली कोन हाय तुमचं?" कौसाबाईंनी विचारलं. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं!

मी इंजिन बंद केलं, जाड काळी वायर काढली आणि ट्रॉलीच्या चासीपासून थेट बॅटरीपर्यंत वेगळं अर्थिंग ओढलं. मुकादम घड्याळ बघत होते, बाई माझ्याकडं. तासाभरानं पुन्हा इंजिन चालू केलं आणि हात बटणावर तसाच धरून थांबलो. खरं सांगतो, मी वाट बघत होतो.

टक.

एकच. मी बटण दाबलं. जॅकवर उचललेलं, मुकादमांनी जोरात फिरवलेलं चाक जागच्या जागी थांबलं.

लगेच ट्रॉलीत वाळूची पोती भरली आणि मांजरसुंब्याच्या घाटात नेली. मुकादम स्टिअरिंगवर, एका मडगार्डवर मी, दुसऱ्यावर कौसाबाई. उताराला लागलो तशी पिन खडखडायला लागली. ट्रॉली मागून रेटणार, तेवढ्यात मुकादमांनी ब्रेक दाबला... आणि ट्रॉलीच ट्रॅक्टरला मागं धरून राहिली! हिरवा दिवा एकदाही लुकलुकला नाही. "धरलं की वो!" बाई ओरडल्या आणि माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की मी पडता पडता वाचलो. तिघंही वेड्यासारखे हसत होतो.

पायथ्याशी मला राहवलं नाही. नवी काळी वायर सोडली, रिकाम्या कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर हळू चालवायला सांगितला. पहिल्याच खड्ड्यात पिन जागच्या जागी उसळली आणि हिरवा दिवा विझला. ब्रेक गेला. घाटात हेच झालं असतं. माझं हसू तिथंच थांबलं. वायर मी स्वतःच्या हातानं परत घट्ट आवळली, दोनदा.

दुसऱ्या दिवशी टोळी निघाली, आणि संध्याकाळी कौसाबाईंचा फोन आला. "समदी सुखरूप पोचली, मिस्तरी. दोन घाट उतरलो, लेकरं झोपली व्हती, जागी सुदिक झाली न्हाईत." मग म्हणाल्या, "त्या तुमच्या खालच्या मानसाला च्या पाजा माझ्याकडनं."

"अहो, खाली कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

"मग ठोकलं कुनी?"

तापलेला पत्रा आवाज करतो, मान्य. पण तीन, परत तीन, आणि काम बरोबर झाल्यावर नेमका एक? भूतबित मी अजूनही मानत नाही. त्या संध्याकाळी गॅरेज बंद करण्याआधी समोरच्या टपरीवर चहा मात्र दोन सांगितले.