उडत जाणार आहे का माणूस?

“उडत जाणार आहे का माणूस?” नकाशावर कुणी नुसता गोल काढलेला दिसला की ती विचारायची, आणि उत्तर यायच्या आत खुर्ची ओढून शेजारी बसायची.

घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात नकाशांचं काम चालायचं. दवाखाना कुठे असावा, शाळा कुठे, हे ठरवणाऱ्यांना आम्ही नकाशे करून द्यायचो. बाकीचे आम्ही जागेवर टिंब ठेवून भोवती ठरलेल्या अंतराचं वर्तुळ काढायचो, आतलं ते सगळं जवळचं. सोपं आणि दिसायला सुबक. ती मात्र सॉफ्टवेअरला रस्त्यानेच चालायला लावायची. टिंबापासून निघायचं, गल्लीगल्लीत शिरायचं, ठरलेलं अंतर संपलं की थांबायचं. जवळचा पट्टा हिरवा, त्यापुढचा पिवळा, लांबचा लाल. तयार होणारा आकार वेडावाकडाच, शाई सांडल्यासारखा.

“नाहूरला रुळांपलीकडचं हे घर बघ. गोलात आहे ना? आता रस्त्याने जा.”

मी स्क्रीनवर पुलाचा वळसा घालत थेट लाल पट्ट्यात पोचायचो.

“लागली ना वाट?” ती खूश.

मूळची लातूरकडची, राहायची वाकोल्यात, आईबरोबर. आईला डायलिसिस लागायचं आणि त्यासाठी दोघी रिक्षाने लांब जायच्या. ती उशिरा आली की आम्ही समजून घ्यायचो. तिने मात्र कधी सवलत मागितली नाही.

एका ट्रस्टला डायलिसिस सेंटर काढायचं होतं. जागा दोन, एक वाकोल्यात आणि एक अंधेरी पूर्वेला. जिथे जास्त पेशंट रस्त्याने जवळ, तिथे सेंटर. काम तिच्याकडे आलं. पट्टे काढले, पेशंटची घरं टाकली, आणि वाकोला पुढे निघालं.

“झकास! आता काकू चालत जातील,” मी म्हणालो. इतकी हसताना मी तिला पाहिली नव्हती. नकाशा ट्रस्टला गेला.

मीटिंगच्या आदल्या दिवशी तिने मला हाक मारली. “इकडे ये रे. हे बघ.”

महामार्गावरचा उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता नकाशात चुकून जोडलेले राहिले होते. सॉफ्टवेअर खालच्या रस्त्यावरून सरळ पुलावर चढत होतं. त्यामुळेच पलीकडची कितीतरी घरं वाकोल्याच्या हिरव्या पट्ट्यात आली होती.

“नीट केलं तर?”

“अंधेरी.”

“काकूंना वाकोल्याचं सांगून बसलीयस?”

“सांगितलं. चाळीत पेढेसुद्धा वाटून झाले तिचे.” तिने पुलाखालच्या रस्त्यावर बोट ठेवलं. “पण इथून पुलावर माझी आई चढू शकत नाही, तशी दुसऱ्यांचीही नाही चढणार.”

आणि तिने तो जोड तोडला. पट्टे पुन्हा काढले. वाकोल्याचं हिरवं आमच्या डोळ्यांसमोर आक्रसलं.

मीटिंगमध्ये ती उठून उभी राहिली. “आधी पाठवलेला नकाशा चुकीचा आहे. चूक माझी.”

ट्रस्टचे अध्यक्ष वैतागले. “मग हा नवा बरोबर कशावरून?”

“गाडी काढा सर. एका पेशंटच्या घरापासून निघू.”

खरंच निघालो. पलीकडच्या एका घरापासून जुन्या नकाशाप्रमाणे ती रस्ता सांगत गेली. पुलाखाली येताच म्हणाली, “आता वर.”

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून वरच्या काँक्रीटकडे पाहिलं. “वर? कुठून चढू मॅडम?”

सगळ्यात आधी हसले ते अध्यक्ष. सेंटर अंधेरीला झालं.

आता ती नागपूरला असते. अँब्युलन्स कुठे उभ्या ठेवायच्या त्याचे नकाशे करते. तिच्या जागेवर बसलेल्या मुलीला आम्ही पहिला प्रश्न कोणता शिकवला, ते तुम्ही ओळखलंच असेल. काकू वाकोल्यातच आहेत, त्यांच्या भावाकडे. जमेल तेव्हा मी त्यांना सेंटरवर सोडतो.

परवा तिथे नव्याने येऊ लागलेल्या एका बाईंनी त्यांना विचारलं, “वाकोल्याहून इतक्या लांब कशाला येता हो मावशी?”

काकूंनी पदर सारखा केला. “मला लांब पडतं. पण तुम्हाला जवळ पडतं ना? माझ्या लेकीनं मोजलंय.”