भिंतीपलीकडची ओवी

रविवारची दुपार. उपासनेहून येऊन जेवलेय, ताटं तशीच मोरीत टाकलीत आणि रागारागाने आडवी झालेय. राग आला की मला झोप येते, हे आमच्या ह्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. हे, म्हणजे शामुवेल, पलीकडच्या खाटेवर पेपर वाचताहेत. पेपरची सळसळ लांब लांब जाते. डोळे मिटतात, तरी समोरची भिंत दिसतेच.

ही भिंत आमची आणि वत्सलाकाकूंची, दोघींची मिळून. श्रीरामपुरातल्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत दोन घरांमध्ये एकच वीट आहे. इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागतो. काकू दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्यात. गुरुवारी माझा हात धरून म्हणाल्या, "एस्तेर, झोप लागत नाही गं. जीव घाबरा होतो. तुमच्या येशूचं काहीतरी गा ना." मी त्यांच्यावर पाणी शिंपडलं नाही की देव्हारा उचला म्हटलं नाही. उलट त्यांना उठवत नाही म्हणून त्यांच्या खंडोबापुढचं फूल रोज मीच बदलते. हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. काकूंनी मागितलं म्हणून मी गायले. त्या झोपल्या.

त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा धनंजय आमच्या दारात. "मावशी, उद्यापासून नका येऊ. गल्लीत बोलतात. आजारी बाईला बाटवतेय म्हणतात." पोरगा वाईट नाही, नजर खाली होती त्याची. आणि आज उपासना सुटल्यावर पाळकसाहेब म्हणतात, "एस्तेरबाई, दिवस बरे नाहीत. जरा दमानं घ्या." ह्यांनीही शेजारी उभं राहून मान डोलावली. तीन दिवस काकू भिंतीपलीकडे कण्हताहेत आणि मी दमानं ऐकतेय.

"ताटं कोन घासनार? शेजारीन?"

खाटेच्या पायथ्याशी आत्या बसल्यात. माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या बायबलबाई होत्या, गावोगाव येशूची गोष्ट सांगत फिरणाऱ्या. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, आणि नेवाशाकडची सगळी खेडी पायी. त्यांना आम्हीच मातीत ठेवलं, हे मला पक्कं आठवतं आहे. तरी मी पदर सावरून उठून बसते.

"सलाम, आत्या."

"सलाम. चल, ऊन उतरायच्या आत जाऊन येऊ."

खाटेवरून पाय खाली सोडते तो काळ्या ढेकळांत पडतो. दोन्ही बाजूंना बाभळी. आत्या पुढे, मी मागे. मेल्या तरी बाईची चाल काही कमी झालेली नाही.

"मी येणार नाही," मी चालता चालताच म्हणते. "तुमचं बरं आहे. मेल्यावर धीट व्हायला काय लागतं?"

त्या थांबतात आणि पोट धरून हसतात. "अगं, जिती व्हते तवाच अंगावर शेनाचं पानी घेतलंय मी. वरच्या आळीत. लुगडं धुतलं, वाळवलं, आन् पुढच्या बुधवारी तेच नेसून गेले."

"कशाला गेलात पण?"

"एका बाईनं बोलावलं व्हतं ना."

बाभळी संपत नाहीत, पण आम्ही पिठाच्या गिरणीत आहोत. पट्टा फिरतोय आणि आवाज नाही. बायका डबे घेऊन रांगेत बसल्यात. सगळ्यांच्या पापण्यांवर पीठ आहे. आत्या मधोमध फतकल मारून बसतात आणि गळा मोकळा करतात.

*दारी आला गं पाव्हणा, धुळीनं भरले पाय…*

आणि गप्प. ही त्यांची जुनी तऱ्हा. ओव्या स्वतःच रचायच्या, पहिली ओळ गायची आणि मग नखं बघत बसायचं. एक बाई विचारते, "कोन गं पाव्हना?" तिच्याकडे वळून आत्या दुसरी ओळ गातात.

*वाकून बघ गं सये, येशूच माझा हाय.*

कोपऱ्यातली एक मात्र तोंड फिरवून बसली आहे. तिचं दळण होतं. आत्या उठतात, डबा तिच्या डोक्यावर चढवू लागतात आणि चुंबळ नीट करून देतात.

"तिला नाही सांगितलंत," मी म्हणते.

"तिनं कुठं इचारलं? न इचारनाऱ्याच्या कानात वतायचं नाही. त्याचा डबा उचलू लागायचा, झालं."

"आणि विचारलं तर?"

"तर तिला अर्ध्यावर सोडायची नाही. मग तिचा पोरगा येऊ दे, गावचा पाटील येऊ दे, न्हाईतर आपलाच पाळक येऊ दे."

शेवटचं माझ्याकडे बघून म्हणतात. मला झोंबतं. मेलेल्या माणसाला सगळं कळतं की काय?

"आत्या, आम्हाला त्याच रांगेत राहायचंय," मी तावातावाने सांगते. "तुम्ही गावात जायचात आणि परत यायचात. मला कुठं परत जायला आहे? उद्या दारावर दगड पडला तर? नळावर कुणी बोलेनासं झालं तर? तुम्हाला भीती वाटत नव्हती?"

"वाटायची की. पोटात गोळा यायचा. गावच्या येशीपाशी बसून पानी प्यायचे, मग जायचे."

"बस? एवढंच?"

"आनखी काय करनार? गोळा जायची वाट बघत बसले असते तर गाव राह्यलं असतं."

गिरणीतलं पीठ उडायचं थांबतं आणि समोर आमच्या देवळातले बाक असतात. सगळे भरलेले. पहिल्या बाकावर पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी आमचे हे, त्यांच्या शेजारी धनंजय. मागे अख्खी गल्ली. प्रत्येकाने ओठांवर बोट ठेवलंय, शाळेत बाई आल्यावर ठेवतात तसं. जिथे वेदी असायला हवी तिथे आमची भिंत आहे, खिळ्याला अडकवलेल्या कॅलेंडरसकट. भिंतीमागून कण्हणं येतंय.

"एस्तेर, दमानं," पाळकसाहेब बोटाआडून म्हणतात.

"दमानंच घेत आलेय," मी म्हणते. "काकूंचा दम संपत आलाय, साहेब. माझ्या दमाचं काय घेऊन बसलात?"

मी आत्यांकडे बघते, वाटतं त्या गातील. पण त्या बाकावर टेकून पायातला काटा काढताहेत, जणू हे सगळं त्यांचं नव्हेच. मला आयुष्यात एवढा राग आलेला नाही. आत्यांचा, ह्यांचा, बोटांचा, त्या विटेचा. मी भिंतीला तोंड लावते आणि गाते. गाते कसली, ओरडते. आत्यांची ओवी, पहिली ओळ, दुसरी ओळ, पुन्हा पहिली. बाकांवरून "शूऽऽ" येतं. मी आणखी वरच्या पट्टीत जाते. कॅलेंडर थरथरतं.

"सूर चुकला," मागून आत्या म्हणतात.

"चुकू दे!"

"आता कशी माझी सून शोभलीस."

वळून बघते तर बाक नाहीत, बाभळी आहेत, आणि आत्या बऱ्याच पुढे निघून गेल्यात. मी पळते. पाय ढेकळांत रुततात.

"आत्या, थांबा! मला तुमची फार आठवण येते हो."

"येऊ दे की," त्या न वळता म्हणतात. "रड आन् कामाला लाग."

खांदा कुणीतरी हलवतंय. शामुवेल. ऊन खिडकीतून खाली सरकलंय. मला "काय?" म्हणायचं आहे, पण आवाजच निघत नाही. घसा पार बसलाय, आतून सोलल्यासारखा. सकाळी देवळात तर ठणठणीत होता. गळ्यावर हात ठेवते, गिळून बघते. दुखतं.

"झोपेत गात होतीस," हे म्हणतात. "केवढ्यानं! आईची ओवी. मघाचपासून."

"मग उठवलं का नाही?" मी घोगऱ्या आवाजात कसंबसं विचारते.

ते पेपरची घडी घालतात, पुन्हा उलगडतात. "आईची होती ना," म्हणतात. त्यांचे डोळे भरलेत. मला त्यांच्यावरचा अर्धा राग तिथेच सोडावा लागतो.

मी तोंड धुते, केस बांधते आणि चपला घालते. पोटात गोळा आलाय, चांगला मुठीएवढा. हे विचारतात, "कुठं?" मी उत्तर देत नाही. घसा राखून ठेवायचाय. मागून त्यांच्याही चपला वाजतात.

मी कडी वाजवते. धनंजय दार उघडतो आणि चौकटीत आडवा उभा राहतो. ओट्यावर निवडण घेऊन बसलेल्या बायकांचे हात थांबलेत.

"मावशी, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तू सांगितलंस." फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो, पण येतो. "तुझ्या आईनं नाही सांगितलं. तिला विचार. माझ्यासमोर विचार. ती नको म्हणाली तर ह्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

तो ओट्यावरच्या बायकांकडे बघतो, माझ्याकडे बघतो. विचारायची गरजच पडत नाही. आतून, खाटेवरून, काकूंचा बारीक आवाज येतो.

"धन्या, आत घे तिला. भिंतीतून नीट ऐकू येत नव्हतं."