धुरळणीच्या दिवसांतला आवाज

ये गं, अशी जवळ बस. पुण्यात होस्टेलवर आहेस हे ठाऊक आहे मला, तरी जवळ बसल्यासारखं वाच. आणि आधी कान पुढे कर, जरा पिळायचा आहे. परवा फोनवर मामाला हसलीस ना? कुणीतरी त्याच्या बँडचं जुनं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकलंय म्हणालीस. "आजी, एका गाण्यात मामा असला भारी गातो, आणि पुढच्यात नुसता चिरकतो!" असं म्हणून खो खो हसलीस. खाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचून दाखवलंस, वाजवणारे तगडे, गायकाचा भरवसा नाही. तुझा मामा ओट्यावरच चहा पीत होता, मी काय बोलणार? पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं बाई. का नव्हतं, ते लिहिते. बोलते तशीच लिहिणार. चौथीनंतर माझी शाळा म्हणजे द्राक्षाच्या पेट्यांत घालायची रद्दी, ती वाचून जे आलं ते आलं. चुका काढत बसू नकोस.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मामा कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आपली अडीच एकर बाग, आणि बागेच्या कडेला द्राक्षं पेट्यांत भरायची शेड. तोडणी संपली की शेड पुढच्या वर्षापर्यंत रिकामी. तिथं ती पोरं आली. ड्रम वाजवणाऱ्याचे वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये, सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. तिथं ड्रमला हात लावला की वरचे, खालचे, शेजारचे सगळे दारात हजर. म्हणून तो सगळा पसारा टेम्पोत घालून आपल्याकडे आणला. गिटारवाला कॉलेज रोडचा, डॉक्टरांचा मुलगा, बोलण्यात पटाईत. तिसरा जाड तारांची गिटार वाजवायचा, बोलायचा कमी आणि भाकऱ्या खायचा दोघांच्या. गाणारा आपला मामा.

पहिल्या दिवशी तुझे आजोबा बागेतून पळतच आले. म्हणाले, "कुणाचा ट्रॅक्टर चालू होत नाहीये का?"

मलाही आधी काही कळायचं नाही. परदेशातल्या बँडची ती गाणी, पोरं त्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणायची. स्वतःचं एकही नाही, सगळी कव्हर, म्हणजे मूळ गाणं जसं आहे तसं समोर वाजवून दाखवायचं. एकेक गाणं अठरा-अठरा मिनिटांचं. मी कुकर लावायची, वरणाला फोडणी द्यायची, ताटं घ्यायची, तरी यांचं तेच गाणं चालू. ताल कधी सातांत, कधी पाचांत, मध्येच काय वाटेल ते. पण ऐकून ऐकून कानाला वळण पडतं. डिसेंबरात घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायला बाया लावायच्या. त्यांची कात्री शेडमधल्या तालावर चालायला लागली. एक म्हातारी मला म्हणायची, "वहिनी, आज पोरांचं कायतरी चुकलं बगा. माझी कात्री आडाकली." आणि खरंच थोड्या वेळात आतून भांडण ऐकू यायचं, "अरे, सात आहेत, सात! तू आठ मोजलेस!"

मामानं ती इंग्रजी गाणी कॅसेटवरून ऐकून ऐकून आपल्या लिपीत लिहून घेतली होती, बागेच्या औषधांच्या वहीतच. एका पानावर कुठल्या प्लॉटला काय मारलं, आणि पाठीमागच्या पानावर गाणं. आवाज कसा होता म्हणशील, तर पावसाळ्यात ऐकायला हवा होतास. वर चढायचा आणि तिथं थांबायचा, हलायचा नाही. मी गाण्यातलं काय जाणते? पण भाकरी थापताना हात थांबायचा माझा. गणपतीत ड्रमवाल्याच्या कॉलनीत त्यांनी वाजवलं, तर म्हणे मागच्या इमारतीतली माणसं खाली उतरून आली. मग डिसेंबरात एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेले, आणि तोच आवाज मध्येच फाटला. मार्चमध्ये पुन्हा छान. पुढच्या वर्षीही तसंच, सप्टेंबरात सोनं आणि थंडीत माती. आणि यांना बोलावणी यायची ती जास्त थंडीतलीच, कॉलेजांचे कार्यक्रम तेव्हा असतात ना.

गिटारवाला चिडायचा. "तुझं काय आहे ना, तू लॉटरी आहेस लॉटरी," म्हणायचा. मामा हसायचा. घरी आला की पाणी गरम कर म्हणायचा आणि गुळण्या करत बसायचा.

कारण सगळ्यांनी शोधलं. गिटारवाला म्हणाला, रियाज नाही. ड्रमवाला म्हणाला, स्टेजवर घाबरतो. आजोबा म्हणाले, रात्री दही खातो. मी म्हटलं, नजर लागते. कार्यक्रमाच्या दिवशी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची मी, त्याला समोर उभं करून. त्या ठसक्यानं सगळं घर खोकायचं, आणि मला वाटायचं, नजर उतरली. आता सांगताना लाज वाटते.

आणि समोर काय होतं? डिसेंबर-जानेवारीत, ढगाळ हवा पडली की घडांवर भुरी येते. पांढरी बुरशी ती. त्यावर गंधकाची धुरळणी करायची, तीही सकाळी दव असताना, वारा नसताना. तेव्हा आपल्याकडे हातानं फिरवायचं यंत्र होतं. गळ्यात अडकवायचं, दांडा फिरवत ओळीतून चालायचं. पिवळा धुरळा डोळ्यांत, नाकात, घशात. तोंडाला एक टॉवेल, बस. आजोबांची कंबर धरली तेव्हापासून हे काम मामाकडे होतं. दोन तास धुरळणी करायची, मग खसाखसा अंघोळ करायची, वास जाईपर्यंत, आणि शर्ट इस्त्री करून गाडीवर बसून निघायचं. त्या पोरांनी त्याला कायम इस्त्रीच्या शर्टात पाहिलं. गंधक मारून आलोय, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

पण घशाचं मला सांगितलं होतं. एकदाच. तेच लिहायला बसलेय मी.

बँडचं तिसरं वर्ष होतं. शहरात मैदानावर बँडची मोठी स्पर्धा ठरली, मुंबई-पुण्याचे बँड येणार होते. गिटारवाल्यानं आपल्याच ओट्यावर बसून, माझ्या हातचे पोहे खात सांगितलं, "हे बघ, मी तोंडावर बोलतो. या वेळी आवाज फुटला ना, तर आम्ही दुसरा गायक बघणार. पुण्यात एक जण तयार आहे." मामा म्हणाला, "नाही फुटणार." ड्रमवाला गिटारवाल्याला म्हणाला, "पोहे खा ना गप." पण गिटारवाल्याचं म्हणणं कुणीच खोडून काढलं नाही.

दहा दिवस मामा तळहातावरच्या फोडासारखा जपत होता गळ्याला. मफलर, ज्येष्ठमध, कोमट पाणी. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी आभाळ भरलं. सकाळी मी बागेत फेरी मारली तर विहिरीकडच्या चार ओळींत भुरी. गडी त्याच्या बहिणीच्या लग्नाला मालेगावला गेलेला. मी घरात येऊन म्हटलं, "उठ रे, गंधक मारायला हवं."

तो म्हणाला, "आई, आज नको. परवा मारतो."

"परवापर्यंत सगळ्या बागेत जाईल ती."

"आई, गंधकानं माझा घसा धरतो."

एवढंच बोलला. रागानं नाही, विनवण्यानं नाही. सांगितल्यासारखं सांगितलं. आणि मी काय म्हटलं असेन? "गूळ खा. मोकळा होतो." आपल्याकडे धुरळ्यात काम केलं की गूळ खातातच, सगळे खातात, माझा बाप खायचा. मी डब्यातला खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला, टॉवेल बांधला आणि गेला. त्या दिवशी मारलं. रात्री थेंब पडले, धुऊन गेलं, तर स्पर्धेच्या दिवशी सकाळी पुन्हा मारलं. दुसऱ्यांदा मला सांगावंही लागलं नाही. तोच उठून गेला. 

संध्याकाळी मीही गेले. पहिल्यांदाच. ड्रमवाल्याची आई मला न्यायला रिक्षा घेऊन आली होती. आम्ही दोघी पदर सावरत मैदानात मागच्या खुर्च्यांवर बसलो, अवतीभवती सगळी काळ्या शर्टातली पोरं. एकानं आम्हाला वाकून सांगितलं, "काकू, भजन उद्या आहे, आज नाही." ती म्हणाली, "माहितीये रे, तो ड्रम बडवतोय ना, तो माझाच आहे." पोरगा बिचारा लाजला आणि त्यानं आमच्यासाठी पुढे जागा करून दिली.

पहिलं गाणं नीट झालं. मला वाटलं, जिंकला. दुसरं ते अठरा मिनिटांचं. मधे एक जागा आहे, सगळी वाद्यं थांबतात आणि आवाज एकटाच वर जातो. मला ती जागा पाठ होती, पावसाळ्यात शंभरदा ऐकलेली. वाद्यं थांबली. तो वर गेला, आणि आवाज नाहीच आला गं. नुसती हवा आली. मग खरखर. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, तर असा चिरकला की पुढची पोरं हसली, शिट्ट्या सुरू झाल्या. त्यानं माइक तोंडापासून लांब नेला आणि खोकला. ड्रमवाल्यानं काय केलं, त्यानं ती जागा भरून काढली, वाजवत राहिला, वाजवत राहिला, मामा परत येईपर्यंत. पुढचं सगळं गाणं मामानं खालच्या आवाजात म्हटलं. ड्रमवाल्याच्या आईनं माझा हात धरला होता. मी समोर बघत होते आणि मला दिसत होतं ते काय, तर पिवळा टॉवेल.

आठवड्यानं टेम्पो आला. ड्रम, स्पीकरच्या पेट्या, वायरी, सगळं चढवलं. मी म्हटलं, "जेवून जा रे." गिटारवाला म्हणाला, "नको काकू, उशीर होतो." जाड तारांचा पोरगा तेवढा आत आला, माझ्या पाया पडला आणि न खाताच गेला. मामा त्यांना वायरी गुंडाळून देत होता. व्यवस्थित, एकेक.

ते गेल्यावर मी त्याला विचारलं, "तू त्यांना सांगितलं का नाहीस गंधकाचं?"

"काय सांगू? ते म्हणतात, बागायतदाराचा मुलगा आहे. मी म्हणू, पहाटे धुरळा मारून येतो?"

"त्यात लाजायचं काय?"

"लाज नाही गं," तो म्हणाला. "पण मग ते म्हणाले असते, आईला नाही सांग. आणि तुला नाही म्हणून बागेचं काय केलं असतं आपण?"

मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाच्या पडद्याला सूज आहे, धूळ बंद करा, साधा मास्क लावला असता तरी चाललं असतं. साधा मास्क. तो आला घरात, पण आवाज वापरायचं काम संपल्यावर. आता गणपतीच्या आरतीत मामा फक्त टाळ्या वाजवतो, पाहिलंस ना तू? तुला वाटलं असेल, त्याला देवाधर्माचं वावडं आहे.

आणखी एक आहे. ड्रमवाल्याच्या लग्नाला मी गेले होते, मामा आला नाही, बागेत काम आहे म्हणाला. पंगतीत ड्रमवाला वाढायला आला माझ्या पानापाशी, तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. नवरदेवाला, मुंडावळ्या बांधलेल्या पोराला, जिलबी वाढताना! काय वेळ साधली मी. तो तिथंच खाली बसला. म्हणाला, "काकू, एक शब्द बोलला असता तर त्याला घरी बसवून आम्ही तिघांनी मारलं असतं गंधक. चार ओळी तर होत्या."

हे मी मामाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं झाली. सांगितलं तर त्याला बरं वाटेल की आणखी लागेल, मला कळत नाही. आणि सांगायचं तर आधी माझं सांगायला हवं, की बाबा, तू घसा धरतो म्हणाला होतास आणि मी तुझ्या हातावर गूळ ठेवला, ते माझ्या लक्षात आहे. तो ऐकून म्हणेल, "जाऊ दे ना आई," आणि उठून बाहेर जाईल. मग माझ्यानं पुन्हा नाही बोलवणार.

तू असलीस की तो उठत नाही. तुझ्यासमोर बसतो, तुझ्या कॉलेजचं विचारतो, त्या बँडांचंही विचारतो, ऐकलंय मी. म्हणून म्हणते, या शनिवारी ये. परीक्षा असली तर पुढच्या शनिवारी, पण लांबवू नकोस. सकाळच्या एस.टी.त बसलीस तर जेवायला पोचशील. जेवण झालं की आपण तिघं ओट्यावर बसू आणि मी त्याला सांगेन. तू काही बोलू नकोस, फक्त शेजारी बस. ये गं लवकर.